मनोरीचा खांब

बोरिवली,
संक्रांतीनंतरचा मंगळवार

प्रिय मधू,

घेतलं मला. आडवाट मोटरसायकल मंडळाने तुझ्या सुहासला सभासद करून घेतलं, परवा रविवारी, सगळ्यांच्या देखत आणि टाळ्या वाजवून. साठी ओलांडलेली, जिना चढताना जिच्या गुडघ्यातून करकर ऐकू येते ती बाई आता दगडधोंड्यांतून आणि वाळूतून गाडी हाकणाऱ्या मंडळाची रीतसर सभासद आहे. अनंतला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं की मेडिक्लेमच्या लोकांना हे कळवावं लागतं का. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या माणसाचा आनंद अजून असाच बाहेर पडतो. नंतर मात्र स्वतः खाली जाऊन जिलेबी घेऊन आला आणि येताना वॉचमनलाही देऊन आला, का ते सांगून. म्हणजे आता अख्ख्या सोसायटीला माहीत आहे.

हे सगळं फोनवरच सांगितलं असतं गं. पण तुझा फोन एक तर वाजून वाजून बंद होतो, नाहीतर तुझी सून उचलते आणि आई झोपल्यात म्हणते. ऋतिका गोड बोलते, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तुला एवढी झोप कधीपासून यायला लागली? ऑफिसात जेवणाच्या सुट्टीनंतर अख्खा विभाग टेबलावर मान टाकायचा तेव्हाही तू टक्क जागी राहून पॉलिसीच्या फायली उपसायचीस. म्हणून म्हटलं, पत्र टाकू. पत्राला झोपलीय असं सांगता येत नाही. बोरिवलीहून घाटकोपरला हाताने लिहिलेलं पत्र पाठवणारी मुंबईत मी एकटीच असेन. अक्षर लावून घे, सवय राहिलेली नाही.

तू गेल्यावर काय काय झालं ते तुला काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. रिटायर झाल्यावर आपण दोघी मनोरीला पापलेट खायला गेलो होतो आणि मार्व्याच्या फेरीबोटीत त्या चिखलाने माखलेल्या गाड्या चढल्या, तिथून हे खूळ सुरू झालं. मी नुसती बघत बसले होते. तू सरळ उठून विचारायला गेलीस की बायका चालतात का. ती रेवती, जी मंडळाची पुढारी आहे आणि एरवी मुलुंडला लोकांचे खांदे-गुडघे सरळ करते, तिने हेल्मेट काढून केस मोकळे केले आणि तुझं तोंड बंद झालं. त्यानंतरची आपली धावपळ आठव. जुन्या गाड्या शोधत फिरलो, तुला लाल मिळाली, मला ती हिरवी, उंटासारखी उंच. गोराईच्या मोकळ्या जागेत सकाळी सकाळी जाऊन फूटरेस्टवर उभं राहून गाडी चालवायला शिकलो, आणि तू माझ्यापेक्षा लवकर शिकलीस. हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता करते. तुझा तोल होता, माझी नुसती दादागिरी होती. आणि मग दिवाळीच्या आधी त्या वाळूत तुझं पुढचं चाक रुतलं आणि डावं मनगट गेलं. रिक्षात माझ्या मांडीवर हात ठेवून तू हसत होतीस, गाडीला लागलं नाही ना विचारत होतीस. दोन दिवसांनी तुझा श्रेयस आला, तुझी बॅग भरली आणि तुला घाटकोपरला घेऊन गेला. मी खिडकीतून हात केला. तू वर बघितलं नाहीस.

आता मंडळाचा नियम तुला आठवत असेल, पण परत सांगते, कारण माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं. जोडीशिवाय नाव नाही. आडवाटेत प्रत्येकाला जोडीदार लागतो. कारणही तसं आहे. फार वर्षांपूर्वी यांचा एक गडी उत्तनच्या उतारावर करवंदीच्या जाळीत गाडीसकट आत गेला आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. प्रत्येकाला वाटलं तो दुसऱ्या कुणाच्या मागे असेल. चहाच्या वेळी एक ग्लास उरला तेव्हा शोधाशोध सुरू झाली. तेव्हापासून जोडी. तुझा जोडीदार दिसला नाही तर बोंब मारायची ती तू, दुसऱ्या कुणी नाही. आपण दोघी गेलो असतो तर प्रश्नच नव्हता, जोडी घरचीच होती. मी एकटी गेले तर शरच्चंद्रकाकांनी दारातच थांबवलं. काका म्हणजे मंडळाचे संस्थापक, सत्तरीला टेकलेले, मूळचे मालवणचे, दहिसरला त्यांची शेड आहे तिथे सगळ्यांच्या गाड्या दुरुस्त होतात. त्यांनी हे मंडळ गणपतीच्या मंडळासारखं चालवलं आहे, पहिल्या फेरीला नारळ फुटतो, प्रसाद वाटतात आणि काका बोलले की बाकीचे गप्प. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, बाये, ह्या तुमचा काम नाय, आणि त्यात जोडी पण नाय. मी म्हटलं जोडी येणार आहे, हात बरा व्हायचाय. ते म्हणाले येऊंदे, मगे बघूया. तुला माहीत आहे मला नाही म्हटलं की काय होतं. मी तिथेच एका टायरवर बसले. शेवटी रेवती मध्ये पडली. निहार म्हणून एक मुलगा आहे जोगेश्वरीचा, कंप्युटरवाला, बोलायला अगदीच कंजूष. त्याच्या जोडीदाराला जुळी झाली होती, त्यामुळे तो मोकळा होता. तर निहार मला उसना मिळाला, तीन फेऱ्यांपुरता. तीन फेऱ्या नियमाप्रमाणे पार पडल्या तर नाव, एक जरी चूक झाली तर नमस्कार, असं काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

पहिल्या फेरीला त्यांनी मला पडलेली गाडी उचलायला लावली. म्हणजे गाडी मुद्दाम वाळूत आडवी करायची आणि एकटीने उभी करायची. माझ्या वजनाच्या दुप्पट तरी असेल ती. पण मी काय कच्ची आहे? याची तयारी मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून गेले होते. खाली जुनी गादी अंथरायची, गाडी तिच्यावर झोपवायची, हँडल वळवून घ्यायचं, पाठ सीटला लावायची आणि पायांनी जोर देत मागे मागे सरकायचं. कंबर वाकवायची नाही, सगळं मांड्यांवर. पहिल्या दिवशी गाडी हलली नाही, मीच गादीवर बसले. आमचे चेअरमन नंदकिशोर सावंत वरून बघत होते, ते खाली येऊन विचारायला लागले की वहिनी, हे पार्किंगच्या नियमात बसतं का. अनंतने त्यांना हाताला धरून चहाला नेलं. आठवड्याभराने गाडी उठली आणि मी दुसऱ्या बाजूला पडणार होते ती थोडक्यात वाचले. त्यामुळे गोराईच्या वाळूत सगळे गोल करून उभे होते, काका हाताची घडी घालून, आणि मी पाठ लावली, डोळे मिटले आणि गाडी उभी केली. गुडघ्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला म्हणतात. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. काका नुसते हं म्हणाले आणि टायरमधली हवा कमी करायला सांगून निघून गेले. वाळूत हवा कमी ठेवावी लागते, नाहीतर चाक रुततं. आपल्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, मधू. त्या दिवशी तुझं चाक का रुतलं ते मला तिथे कळलं. चूक तुझ्या हाताची नव्हती, टायर दगडासारखे कडक होते. हे तुला सांगायचं म्हणून मी त्याच संध्याकाळी घाटकोपरला आले होते. तुला कळलं असेलच.

दुसरी फेरी सुरळीत झाली, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त सम्यक नावाच्या मुलाने माझे घरचे डिंकाचे लाडू संपवले आणि तेव्हापासून मला आंटीवरून मावशी केलं. खरी गंमत तिसऱ्या फेरीची. पण त्यासाठी तुला खांब आणि शेपूट समजावून सांगायला हवं. आडवाटेवर सगळे एकामागे एक धावतात, धूळ असते, पुढचा दिसत नाही. फाटा आला की पुढाऱ्याच्या मागचा माणूस तिथे थांबतो आणि बाकीच्यांना हाताने वाट दाखवतो. तो खांब. सगळ्यात शेवटी जो असतो तो शेपूट. शेपटाच्या अंगात नारिंगी जाकीट असतं, लांबून दिसणारं. नारिंगी तुझ्यासमोरून गेलं की समजायचं सगळे गेले, खांबाने निघायचं आणि मागोमाग जायचं. नारिंगी गेल्यावर खांब थांबला तर सगळ्यांचा खोळंबा होतो, म्हणून तो मोठा गुन्हा. आणि नारिंगी जायच्या आधी निघाला तर त्याहून मोठा. सोपं आहे. इतकं सोपं आहे की त्यात चूक होऊच शकत नाही, असं काका दर फेरीला सांगतात.

रविवारी शेपूट स्वतः काका होते. मनोरीला उतरून आम्ही गावामागच्या वाटेने निघालो. टेकडीच्या पायथ्याशी एक फाटा आहे, पांढरा चुना लावलेला क्रूस आहे तिथे, वाळलेल्या झेंडूची माळ घातलेला. रेवतीच्या मागे मी होते म्हणून मी खांब झाले. जाता जाता रेवतीने गाडी न थांबवता ओरडून सांगितलं की सगळ्यांना उजवीकडे, वर. डावीकडच्या वाटेचा बांध यंदा पावसाळ्यात फुटलाय, भरती आली की खाडीच्या खाजणाचं पाणी वाटेवर चढतं, तिकडे कुणाला सोडू नकोस. आदल्या आठवड्यात ती एकटी येऊन बघून गेली होती. हे तिने सकाळी जेट्टीवर सगळ्यांनाही सांगितलं होतं, फक्त तेव्हा काका आणि निहार फेरीबोटीवरून गाड्या उतरवून घेत होते.

मी गाडी क्रुसाला समांतर लावली आणि उभी राहिले. एकेक जण जात होता, मी हात करत होते, जरा भाव खात होते म्हण. मग शेवटी नारिंगी जाकीट दिसलं. मी हेल्मेट चढवलं. जाकीट जवळ आलं, त्याने मला चला चला असा हात केला आणि वर निघून गेलं. मी किक मारायला पाय उचलला आणि मधेच थांबले. निहार गेला नव्हता. निळं हेल्मेट, त्याच्यावर पांढरी पट्टी, मी सकाळपासून तेवढं एकच शोधत होते, कारण माझं काम तेच होतं. एक डोकं म्हणत होतं, बाई, तुझं लक्ष नसेल, धुळीत गेला असेल, नारिंगी गेलं म्हणजे सगळे गेले, निघ, शेवटची फेरी आहे, एवढ्यासाठी घालवू नकोस. आणि दुसरं डोकं म्हणत होतं, नाही गेला. मधू, मी फायली तपासणारी बाई. शंभर पानांत एक सही राहिली असेल तर मला रात्री झोप यायची नाही, तुलाच माहीत आहे. मी इंजिन बंद केलं.

थोड्या वेळाने रेवतीचा फोन आला. तिथे रेंजचा एखाद-दुसरा दांडा येतो जातो. ती म्हणाली नारिंगी वर आलंय, तुम्ही कुठे आहात. मी म्हटलं निहार आलाय का ते बघ. ती म्हणाली इथेच असेल कुठेतरी, पोरं बोरं वेचायला पांगलीयत, तुम्ही आधी वर या. मी म्हटलं तो दिसल्याशिवाय मी हलत नाही. मग तिचा आवाज जरा कडक झाला. म्हणाली सुहासिनीताई, ही तुमची तिसरी फेरी आहे, नारिंगी गेल्यावर खांब थांबत नाही, काका ऐकून घेणार नाहीत, मी पण काही करू शकणार नाही. आणि फोन कटला. पार्किंगमधली गादी, तीन महिन्यांची आदळआपट, रोज सकाळी गुडघ्याला लावलेलं तेल, सगळं डोळ्यासमोर आलं. रडूही आलं थोडं, हेल्मेटच्या आत, म्हणून कुणी बघितलं नाही. निहारला फोन लावला, तो वाजत राहिला. ऊन डोक्यावर आलं होतं. डावीकडे तिवरांच्या मुळांत चुळुक चुळुक असा आवाज यायला लागला होता, पाणी आत येताना येतो तसा. मी शिव्या देत होते, कुणाला ते विचारू नकोस. पण जागची हलले नाही.

आणि मग दोन गाड्या आल्या. पुढे निहार, त्याच्या मागे काका, आणि काकांच्या अंगात नुसता बनियनवर शर्ट. जाकीट नाही. काय झालं होतं ते नंतर कळलं. वाटेत सम्यकचं जाकीट बाभळीच्या काट्यात अडकून पाठीवर उभं फाटलं. काकांना दया आली, मुलगा ओरबाडून निघेल म्हणून त्यांनी स्वतःचं जाकीट काढून त्याला दिलं. कुठलं दिलं? नारिंगी. एवढी वर्षं शेपूट होणाऱ्या माणसाने शेपटाची खूणच उचलून दुसऱ्याला घातली आणि त्याच्या डोक्यातही आलं नाही. सम्यकला तर काय, ऊब मिळाली, तो पुढे पळाला, आणि वाटेतले सगळे खांब त्याला बघून आपापली जागा सोडून निघून गेले. मागे निहारची चेन उतरली होती, काका त्याच्याबरोबर बसून ती चढवत होते. आधीच्या फाट्यावर कुणीच नव्हतं, तिथे ते अंदाजाने बरोबर आले. माझ्या फाट्यावर आले तर काकांनी निहारच्या पुढे होऊन, न थांबता गाडी डावीकडे वळवायला घेतली. गेल्या वर्षी मंडळ तिकडूनच गेलं होतं.

मी माझी हिरवी उंटीण त्या वाटेवर आडवी घातली. काकांनी ब्रेक मारला, धूळ माझ्या तोंडात गेली. ते चिडले, म्हणाले, तुमी माका वाट शिकवतास? मी म्हटलं हो, शिकवते, रेवतीने सांगितलंय बांध फुटलाय. ते म्हणाले मी ह्या वाटेन तुझ्या जन्माआधीपासून जातंय. मी म्हटलं माझा जन्म तुम्हाला वाटतो त्याच्या बराच आधीचा आहे, आणि मी बाजूला होणार नाही. माझे पाय थरथरत होते, पण गाडीच्या पलीकडे होते म्हणून त्यांना दिसले नाहीत. तेवढ्यात निहारने, जो एरवी तोंड उघडत नाही, त्याने हळूच म्हटलं की काका, ताई माझ्यासाठी थांबल्यात, मी त्यांच्याबरोबर जाणार, आणि गाडी उजवीकडे वळवली. काका त्याच्या मागे गेले. मी सगळ्यात शेवटी. म्हणजे शेपूट मीच झाले की.

वर पोचलो तर तिथे एकच गोंधळ. जोड्या मोजल्यावर दोन माणसं कमी भरली होती, सम्यक नारिंगी जाकीट घालून मध्ये उभा होता आणि सगळे त्याच्यावर ओरडत होते. काका सरळ कड्याच्या टोकाला गेले आणि खाली बघत उभे राहिले. मीही गेले. खाली ती डावीकडची वाट दिसत होती, म्हणजे दिसत नव्हती. सगळीकडे पाणी चकाकत होतं आणि जुन्या बांधाचे खुंट तेवढे वर आले होते. गाड्या घेऊन हे दोघं तिथे मध्यावर असते तर वाट लागली असती गं, गाळात चाकं बसली की माणूसही निघत नाही. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, तुमी रवलास म्हणान आमी वाचलंव. एवढंच. त्यानंतर त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मोठ्याने सांगितलं की आजची चूक माझी आहे, जाकीट मी काढलं, आणि नारिंगीपेक्षा जोडी मोठी हे या बाईने मला शिकवलं. रेवती येऊन मला मिठी मारून गेली, तिच्या हेल्मेटचा कोपरा माझ्या कपाळावर लागला, तिथे अजून टेंगूळ आहे आणि मी ते सगळ्यांना दाखवत फिरतेय. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं छान मला फार कमी वेळा वाटलंय. प्रमोशन मिळालं तेव्हाही नाही.

संध्याकाळी सगळे दहिसरला काकांच्या शेडमध्ये गेलो. तिथे भिंतीवर एक फळी आहे, तिच्यावर सभासदांची नावं रंगवलेली, एका ओळीत दोन, जोडीजोडीने. काकांनी स्वतः ब्रश घेतला. सुहासिनी हे नाव त्यांनी सावकाश, वेलांट्या नीट काढून लिहिलं. मग ब्रश तसाच धरून विचारलं, शेजारी कोण? निहारचा जोडीदार पुढच्या महिन्यात परत येतोय. रेवती पुढे आली. तिची जोडीदारीण नुकतीच लग्न होऊन कॅनडाला गेली, ती म्हणाली मी होते ताईंची जोडी, मला आवडेल. मंडळाची पुढारी, सगळ्यात चांगली चालवणारी, तिने सगळ्यांसमोर मला मागून घेतलं. टाळ्या पडल्या. आणि मी नाही म्हटलं. मी म्हटलं माझी जोडी ठरलेली आहे, ती घाटकोपरला आहे, हात बरा व्हायचाय. काका म्हणाले, नियम म्हणजे नियम, बाये. होळीपर्यंत जागा मोकळी ठेवतो, तोवर जोडी उभी राहिली नाही तर तुझं नावही पुसावं लागेल, आणि मग रेवतीशी जोडीचाही विचार होणार नाही. मी म्हटलं चालेल.

आता हे पत्र खरं का लिहिलं ते सांगते. काल रात्री श्रेयसचा फोन आला. मी त्याला गेले तीन महिने मनातल्या मनात जेलर म्हणत होते, सुनेला पढवतो, आईला कोंडून ठेवतो, असलं काय काय. तो फोनवर म्हणाला, मावशी, आईला मी अडवलेलं नाही. प्लास्टर कधीच निघालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, लाल गाडी आमच्या बिल्डिंगखाली झाकून ठेवलीय. तुमचा फोन वाजला की आईच मान हलवते. त्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हाही ती आतल्या खोलीत पलंगावर बसून होती, तुमचं सगळं बोलणं ऐकत. आणि मग तो म्हणाला की आई हल्ली भाजी आणायलाही खाली उतरत नाही, पायरी दिसली की कठड्याला धरून थांबते, मला काही कळत नाही, तुम्ही काहीतरी करा. मला आधी तुझा भयंकर राग आला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तू घाबरलीयस आणि ते मला सांगायची तुला लाज वाटली, एवढंच आहे ना? मग घाबर की. मी रविवारी भीतीने थरथरतच उभी होते. येत्या रविवारी सकाळी श्रेयस तुला मार्व्याच्या जेट्टीवर सोडणार आहे, त्याने कबूल केलंय. गाडी चालवायची नाही, हेल्मेटही आणू नकोस. नुसती माझ्याबरोबर फेरीबोटीने पलीकडे चल, गाड्या जाताना बघ, वाटलं तर दुपारी परत जा. पुढच्या रविवारी परत ये. होळीला अजून वेळ आहे. नाही आलीस तर माझं नाव पुसलं जाईल, हे तुला घाबरवायला सांगत नाही, तसं ठरवूनच मी नाही म्हटलंय आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही. आयुष्यभर शेजारच्या टेबलावर तू होतीस. आता म्हातारपणी मला दुसरं कुणी शेजारी नकोय.

तुझीच, जिलेबी खाऊन पत्राला तेलकट बोटं लावलेली,
सुहास